केमोसोबत काढा चालेल का? एका प्रश्नाचा शंभर वर्षांचा पुणेरी इतिहास

कॅन्सरचं निदान झाल्यावर पहिल्या भेटीत पेशंट फारसं काही विचारत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, फाइल आवरून उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर प्रश्न येतो. "डॉक्टर, याच्यासोबत आयुर्वेदिक घेतलं तर चालेल का?" बहुतेक वेळा तो पेशंट विचारत नाही, सोबत आलेली मुलगी किंवा सून विचारते. आवाज थोडा खाली गेलेला असतो, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते.

ही भीती निर्माण करण्यात माझाही वाटा आहे, हे आधी कबूल करतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी या प्रश्नाला एकच उत्तर द्यायचो, "काही गरज नाही, सगळं बंद करा." एका काकूंची केमो चालू होती. तिसऱ्या सायकलच्या आधी त्यांच्या यकृताचे रिपोर्ट अचानक बिघडले. केमो पुढे ढकलावी लागली. आम्ही कारण शोधत राहिलो. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाने पिशवीतून तीन बाटल्या आणि एक चूर्णाची पुडी काढून टेबलावर ठेवली. काकू म्हणाल्या, "तुम्ही रागावाल म्हणून सांगितलं नाही." त्या बाटल्यांमुळेच यकृत बिघडलं की नाही, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. पण त्या गप्प बसल्या ते माझ्यामुळे, हे मात्र नक्की.

त्यानंतर मी हा प्रश्न स्वतःहून विचारायला लागलो. आणि या प्रश्नाचा मागचा इतिहासही वाचायला लागलो. तो वाचताना लक्षात आलं की त्याचा बराचसा भाग आपल्या पुण्यात आणि महाराष्ट्रात घडलेला आहे. आज तोच तुम्हाला सांगतो. शेवटी तुमच्या उपयोगाचं काय, तेही सांगतो.

ससूनमधली ती रात्र

१२ जानेवारी १९२४. येरवडा तुरुंगात शिक्षा भोगत असलेले महात्मा गांधी पोटदुखीने बेजार होऊन ससून रुग्णालयात दाखल झाले होते. निदान झालं अपेंडिक्सच्या सुजेचं. गांधीजींचा आधुनिक वैद्यकाला असलेला विरोध जगजाहीर होता. १९०९ साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी डॉक्टर आणि दवाखाने यांच्यावर कडक टीका केली होती. माती, पाणी, उपवास, साधा आहार यांवर त्यांची श्रद्धा होती.

पण त्या रात्री त्यांनी शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही केली. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. मधेच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. गांधीजी वाचले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

यावरून कोणी म्हणेल, "बघा, शेवटी ऑपरेशनच लागलं." पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे हेच गांधीजी पुण्याला आले की ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात राहायचे. १९४६ च्या मार्चमध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. ताडीवाला रस्त्यावरच्या त्या वास्तूत आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. 'बापू भवन' म्हणून तुम्हाला ती माहीत असेल.

मला यात विसंगती वाटत नाही. फुटायला आलेल्या अपेंडिक्सला चाकू हवा. रोजच्या जगण्याला, पचनाला, झोपेला, मनाला दुसरं काही लागतं. कोणत्या आजारात कोणत्या वेळी काय, हा खरा प्रश्न. कॅन्सरमध्येही तोच आहे. फक्त तिथे चुकलं तर किंमत फार मोठी असते.

दोन प्रवाह, एकच गाव

१९२४ हेच साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाचे फायदे नुसते सांगायचे नाहीत, मोजून दाखवायचे, हा त्यांचा आग्रह होता. आसनं आणि क्रिया करताना शरीरात काय घडतं, हे त्यांनी एक्स-रेसारखी साधनं वापरून तपासलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. आज आपण 'पुरावा दाखवा' म्हणतो, तो शब्द योगाच्या बाबतीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच उच्चारला गेला होता.

१९३७ साली अठरा वर्षांचा एक किडकिडीत तरुण योग शिकवायला पुण्यात आला. बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी ते स्वतः आजारांनी पिचलेले होते. त्यामुळे ज्याला वाकता येत नाही, उभं राहता येत नाही, त्याच्याकडून आसन कसं करून घ्यायचं, याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. खुर्ची, लोड, घोंगड्या, पट्टे, लाकडी ठोकळे अशी साधनं घेऊन शरीराला आधार द्यायची त्यांची पद्धत जगभर गेली. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून आहे. या खुर्ची-लोडांचा कॅन्सरशी काय संबंध, ते पुढे येईल.

आयुर्वेदाचं तर पुण्यात घरोघरी स्थान. १९३३ साली टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झालं. आणि आयुर्वेदाने कॅन्सरसारख्या आजाराकडे कधी पाहिलंच नाही असंही नाही. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांची वर्णनं आहेत. सगळी अर्बुदं म्हणजे आजच्या भाषेतला कॅन्सर असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट वाचून मी थबकलो होतो. अर्बुद काढताना त्याचा थोडाही अंश मागे राहिला तर ते पुन्हा वाढतं, असा इशारा सुश्रुतांनी दिला आहे. आजचा सर्जन गाठीच्या कडा स्वच्छ आल्या का, हे पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये बघतो ते याचसाठी. म्हणजे 'आयुर्वेदात ऑपरेशन नसतं, म्हणून मी आयुर्वेदाकडे जातो' असं कुणी म्हणत असेल, तर त्याने सुश्रुत वाचलेले नाहीत.

दुसरा प्रवाह मुंबईतून आला. लेडी मेहरबाई टाटा यांचा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने मृत्यू झाला. त्या दुःखातून टाटांच्या न्यासाने परळला जे रुग्णालय उभं केलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेलं टाटा मेमोरियल. तेव्हा हातात होती शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. केमोथेरपी त्यानंतरची. १९४० च्या दशकात अमेरिकेत मस्टर्ड वायूच्या जातीतलं एक रसायन आणि नंतर फोलिक आम्लाला विरोध करणारी औषधं रक्ताच्या कॅन्सरवर वापरली गेली, तिथून तिची सुरुवात झाली.

पुढची काही दशकं हे दोन प्रवाह एकमेकांकडे पाठ करून वाहिले. कॅन्सरचे डॉक्टर वैद्यांना मोजत नव्हते, आणि वैद्यांकडे पेशंट यायचा तो बहुतेक वेळा 'तिकडे हात टेकले' म्हणून. मधल्या मधे पेशंट दोन्हीकडे जायचा आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचा नाही.

दारातली सदाफुली आणि नंदुरबारचा मुलगा

"झाडपाल्याने कॅन्सर बरा होतो का?" याचं उत्तर मी 'हो' असं देतो. पेशंट चमकतात. पण ही गोष्ट नीट ऐका, कारण अर्धीच ऐकली तर घात होईल.

आपल्या दारात सदाफुली असते. १९५० च्या दशकात कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे या झाडाची पानं आली. जमैकात तिचा काढा मधुमेहावर घेतात, असं सांगण्यात आलं होतं. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केला. साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी त्यातून १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं. पाठोपाठ एका अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्क्रिस्टिन मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. त्याने असंख्य मुलं जगली आहेत.

आता दुसरी बाजू. शेकडो किलो वाळलेल्या पानांमधून व्हिन्क्रिस्टिन मिळतं जेमतेम ग्रॅमभर. मोठ्या माणसाचा एका वेळचा डोस साधारण दोन मिलिग्रॅमपर्यंत. तो शिरेतून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावा लागतो. चुकून पाठीच्या कण्यात गेला तर माणूस दगावतो. सदाफुलीची पानं चावून यातलं औषध किती मिळेल आणि विष किती, याचा हिशेब कुणालाच लावता येणार नाही. म्हणून दारातली फुलं देवाला वाहा, पानं खाऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्या नंदुरबारची. १९२५ साली तिथे जन्मलेले मनसुखलाल वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं केलं आणि १९७१ साली त्याची रचना जगासमोर मांडली. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. आज पॅक्लिटॅक्सेल म्हणून स्तनाच्या कॅन्सरच्या कितीतरी पेशंटच्या केसपेपरवर ते असतं. झाडाच्या सालीपासून पेशंटच्या सलाइनपर्यंत यायला या औषधाला तीस वर्षं लागली.

वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली आणखी एक द्रव्य शोधलं होतं, कॅम्प्टोथेसिन. ते चीनमधल्या एका झाडातून मिळालं. १९७२ मध्ये भारतीय संशोधकांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात सापडलं. त्याचं नाव नरक्या. वासाने नाक मुरडावं असं हे झाड. त्यातलं द्रव्य मौल्यवान ठरल्यावर त्याची इतकी तोड झाली की सह्याद्रीच्या जंगलातल्या नरक्याच्या तस्करीच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या. गंमत म्हणजे कॅम्प्टोथेसिन जसंच्या तसं दिल्यावर त्याचे दुष्परिणाम पेशंटना सोसेनात. त्यात रासायनिक बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही औषधं तयार झाली. इरिनोटेकॅन आतड्याच्या कॅन्सरमध्ये आपण रोज वापरतो.

या तीन गोष्टींतून मला जे समजलं ते असं. वनस्पतींमध्ये कॅन्सरवरची ताकद असते. पण तीच ताकद घातकही असते. 'नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही' हे वाक्य केमोच्या वॉर्डात टिकत नाही, कारण तिथली काही सर्वांत कडक औषधं निसर्गातूनच आलेली आहेत.

'पर्यायी' ते 'पूरक'

१९७० च्या दशकात अमेरिकेत लेट्रिल नावाच्या औषधाची लाट आली. जर्दाळूच्या बियांतल्या गराशी नातं असलेलं हे द्रव्य कॅन्सर बरा करतं, असा प्रचार होता. डॉक्टर आणि औषध कंपन्या मिळून ते दडपतात, असंही बोललं जायचं. हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? शेवटी ते तपासायचं ठरलं. मेयो क्लिनिकच्या डॉ. मोर्टेल यांच्या नेतृत्वाखाली १७८ पेशंटना लेट्रिल दिलं गेलं. १९८२ साली निष्कर्ष छापून आला. कुणाचाही कॅन्सर बरा झाला नव्हता, त्याची वाढही थांबली नव्हती. उलट काहींच्या रक्तात सायनाइड विषारी पातळीजवळ गेलं होतं.

लेट्रिलने दोन धडे दिले. एक, 'पर्यायी' म्हणजे केमो-ऑपरेशनच्या ऐवजी, ही वाट धोक्याची आहे. दोन, लोक अशा वाटेला का जातात हे डॉक्टरांनी समजून घेतलं नाही, तर नवं लेट्रिल येतच राहील.

तिथून शब्द बदलत गेले. अमेरिकन सरकारने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या आरोग्य संशोधन संस्थेत जे कार्यालय उघडलं, त्याच्या नावात फक्त 'पर्यायी' हा शब्द होता. १९९८ मध्ये नाव झालं 'पूरक आणि पर्यायी'. २०१४ मध्ये 'पर्यायी' शब्द काढून टाकला आणि 'पूरक आणि एकात्मिक' असं नाव आलं. आपल्याकडेही २०१४ मध्येच आयुष मंत्रालय स्वतंत्र झालं.

हे तीन शब्द तुम्हीही वेगळे ठेवा. 'पर्यायी' म्हणजे मुख्य उपचाराच्या जागी. 'पूरक' म्हणजे मुख्य उपचारासोबत. 'एकात्मिक' म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांशी बोलून, एकाच फाइलवर, पुराव्याच्या आधारे केलेला उपचार. बाटली तीच असली तरी ती कुठल्या खात्यात मोडते, हे तुम्ही कसं वागता त्यावर ठरतं.

वाघोली, वारजे आणि विद्यापीठ

पुण्यात या एकात्मिक कामाची सुरुवात लवकर झाली. भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टने वाघोलीला १९९४ पासून आयुर्वेद आणि कॅन्सर या विषयावर संशोधन प्रकल्प चालवला आहे. या प्रकल्पात वैद्यांच्या जोडीला आधुनिक कॅन्सरतज्ज्ञ आणि शास्त्रज्ञही सहभागी झाले, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये 'सपोर्टिव्ह केअर इन कॅन्सर' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. केमो घेणाऱ्या पेशंटना सोबत मौक्तिक, प्रवाळ असलेले आयुर्वेदिक कल्प दिले तर त्रास कमी होतो का आणि जीवनमान सुधारतं का, असा प्रश्न त्यात होता. उत्तर आशादायक आलं. पण प्रश्न काय होता तिकडे लक्ष द्या. 'केमोऐवजी' असा तो नव्हता, 'केमो घेताना' असा होता. असे अभ्यास आणखी मोठे आणि अनेक ठिकाणी व्हायला हवेत. तोवर त्यांच्यावरून 'आयुर्वेदाने कॅन्सर बरा होतो' असा निष्कर्ष काढणं म्हणजे त्या संशोधकांवरही अन्याय आहे.

१९९७ मध्ये वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झालं. तिथे कॅन्सरच्या पेशंटना विनामूल्य सेवा मिळते. वेदना, धाप, झोप, भीती, घरच्यांची ओढाताण, या सगळ्याला उपचाराचा भाग मानणारी ही शाखा. माझ्या मते पूरक उपचार मागणारे निम्मे पेशंट खरं तर हेच मागत असतात. त्यांना चूर्ण नको असतं, आपल्याकडे कुणी नीट बघावं, वीस मिनिटं ऐकून घ्यावं, एवढं हवं असतं. वैद्य नाडी धरून बसतात, खाण्यापिण्याची चौकशी करतात. आम्ही स्क्रीनकडे बघून बोलतो. पेशंट कुठे जाईल, तुम्हीच सांगा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात प्रा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयुर्वेद आणि आधुनिक विज्ञान यांना एकत्र आणणारं संशोधन उभं केलं. २०१० पासून त्या विषयाला वाहिलेलं एक स्वतंत्र नियतकालिकही निघू लागलं.

आणि हळद. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जे त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. जुन्या ग्रंथांतले दाखले दिले गेले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्या आजीचं ज्ञान आपलंच, हे सिद्ध झालं. पण जखमेवरची हळद आणि कॅन्सरवरची हळद या वेगळ्या गोष्टी. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. प्रयोगशाळेतल्या काही अभ्यासांत तर त्याने स्तनाच्या कॅन्सरवरच्या केमोचं काम कमी केल्याचं दिसलं. म्हणून भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. केमो चालू असताना कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत.

आज कशाला पुरावा आहे?

आता अय्यंगारांच्या खुर्ची-लोडांकडे वळू. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यावरही अनेक स्त्रियांचा थकवा जात नाही. 'आराम करा' म्हटलं तरी आरामाने तो जात नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला अशा ३१ स्त्रियांवर अभ्यास झाला. काहींना १२ आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग शिकवला, बाकीच्यांना आरोग्याविषयी वर्ग दिले. योग करणाऱ्यांचा थकवा जास्त कमी झाला. २०१२ साली हे छापून आलं. मॉडेल कॉलनीतून निघालेली गोष्ट जग फिरून कॅन्सरच्या पेशंटपर्यंत आली.

अभ्यास छोटा होता. मोठा अभ्यास टाटा मेमोरियलने केला. स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रिया. सगळ्यांना नेहमीचे पूर्ण उपचार मिळाले. निम्म्यांना त्यासोबत योग. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याची माहिती सादर झाली. योग करणाऱ्या गटात आजार पुन्हा न उलटता जगण्याच्या बाबतीत १५ टक्के आणि एकूण जगण्याच्या बाबतीत १४ टक्के सापेक्ष सुधारणा सांगण्यात आली. 'सापेक्ष' या शब्दावर बोट ठेवा. शंभरातल्या पंधरा जास्त जणी वाचल्या, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्यक्ष फरक त्याहून लहान असतो. आणि योगाच्या जोरावर केमो सोडलेली एकही स्त्री या गटाची योजना नव्हती.

व्यायामाचा पुरावा तर आता फारच भक्कम आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ पेशंटचा अभ्यास २०२५ मध्ये आला. तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने नियमित व्यायाम केलेल्या गटात आठ वर्षांनी ९०.३ टक्के लोक हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ८३.२ टक्के. हा फरक एखाद्या महागड्या औषधाच्या तोडीचा आहे.

आणखी दोन उदाहरणं. हार्मोनच्या गोळ्यांमुळे सांधे दुखणाऱ्या २२६ स्त्रियांवरच्या अभ्यासात ॲक्युपंक्चरने वेदना कमी झाल्या. केमोच्या ५७६ पेशंटच्या अभ्यासात उलटीच्या नेहमीच्या औषधांसोबत दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठ-आल्याच्या कॅप्सूल दिल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. पुन्हा बघा, औषधांच्या 'सोबत'.

आणि धोका कुठे आहे?

२०१८ मध्ये येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बऱ्या होण्याजोग्या टप्प्यावरच्या पेशंटची नोंद तपासली. नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ जण होते. त्यांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त होता. या आकड्यांपाठीमागे उपचाराने बरी होऊ शकली असती अशी माणसं आहेत.

दुसरा धोका शुद्धतेचा. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तिसरा धोका यकृताचा. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा पेशंटच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते. कोणाचं बरोबर, हा वाद बाजूला ठेवा. तुमच्या घरी आलेल्या पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे तुम्हाला ओळखता येतं का?

चौथा धोका औषधांच्या भांडणाचा. नैराश्यावर परदेशात सर्रास मिळणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकॅनसोबत घेतली, तर त्या औषधाचं रक्तातलं कामाचं रूप ४२ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. म्हणजे सलाइन पूर्ण लागलं, त्रास झाला, पैसे गेले आणि औषध पोहोचलं निम्म्याहून थोडं जास्त.

मग तुम्ही काय करायचं?

१. मुख्य उपचाराची तारीख कोणत्याही पूरक उपचारासाठी पुढे ढकलू नका. 'आधी तीन महिने हे घेऊन बघू' हे तीन महिने परत मिळत नाहीत.

२. जे काही घेता ते सगळं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. बाटल्या, पुड्या, काढ्याचं साहित्य, मल्टिव्हिटॅमिनसुद्धा. नाव माहीत नसलेली पुडी घेऊ नका.

३. पोटातून घेण्याच्या गोष्टी आणि शरीराने-मनाने करण्याच्या गोष्टी वेगळ्या धरा. चालणं, योग, प्राणायाम, ध्यान, संगीत यांचं केमोशी भांडण होत नाही. हाडात कॅन्सर पसरला असेल, रक्तपेशी कमी असतील किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर मात्र कोणती आसनं टाळायची हे विचारूनच सुरू करा.

४. वैद्यांकडे जायचं असेल तर पदवीधर, नोंदणीकृत वैद्यांकडे जा. त्यांना केमोची फाइल दाखवा आणि त्यांची चिठ्ठी आम्हाला दाखवा. चांगले वैद्य फाइल मागतात. जे म्हणतात "केमो बंद करा, मगच माझं औषध लागू पडेल", तिथून उठून या.

५. 'शंभर टक्के बरा करतो' असं कोणीही सांगितलं, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, तर पैसे खिशातच ठेवा.

६. डॉक्टर रागावले तर एवढंच म्हणा, "मी लपवून घेण्यापेक्षा तुम्हाला विचारून घेतलेलं बरं ना?" याला आमच्याकडे उत्तर नाही.

त्या काकूंची केमो तीन आठवडे थांबली, पण पुढे पूर्ण झाली. त्या आजही तपासणीला येतात. येताना सगळी औषधं एका डब्यात घेऊन येतात आणि मी विचारायच्या आधीच तो डबा टेबलावर उघडतात. मागच्या वेळी त्यात बी-पीची गोळी, कॅल्शियम आणि आवळ्याची सुपारी होती. सुपारी मीही खाल्ली.

तुमचाही डबा असाच उघडा असू द्या.